सोवळ्यातलं गाठोडं

परत आल्यापासून आळीतल्या बायका मला एकच विचारतात, "वरून खालचं कसं दिसतं हो?" मी म्हणते, "छान दिसतं," आणि विषय बदलते. विमानात बसून आल्यापासून हिला शिष्टपणा आलाय, असं त्या आपापसांत बोलतात हे मला ठाऊक आहे. शिष्टपणा नाही हो, लाज आहे. लाजेपायी माणूस गप्प बसतं आणि लोकांना तो ताठा वाटतो. तेव्हा एकदाचं सगळं लिहूनच काढावं, म्हणजे ज्यांना पुढंमागं विमानात बसायचं आहे त्यांनी निदान माझ्यासारखं बसू नये, असं ठरवून लेखणी हातात घेतली आहे.

पुणे

आमची कमल नागपूरला दिलेली. तिला सातवा महिना लागला, डोहाळजेवण ठरलं, आणि जावईबापूंनी हौसेनं आम्हां दोघांची विमानाची तिकिटं पाठवली. लढाई संपल्यावर लष्कराची उरलीसुरली लहान विमानं घेऊन ज्या नव्या कंपन्या निघाल्या, त्यांतल्या एकीत त्यांची ओळख होती. आमच्या ह्यांनी उभा जन्म हेडमास्तरकीत काढला. वर्गात नीतिपाठ सांगणं वेगळं आणि आकाशात जाणं वेगळं, त्यामुळे आदल्या दिवसापासून त्यांचं पोट ठीक नव्हतं. मला मात्र काळजी होती ती पाट्याची.

झालं होतं असं, की मागच्या खेपेला कमल म्हणाली, "आई, इथल्या पाट्यावर चटणी वाटली की दाताखाली नुसती कचकच येते." लेकीचे डोहाळे आणि चटणीत खर! मी मंडईमागून काळा कुळकुळीत पाटा आणि वरवंटा आणला, पाथरवटाकडून टाकी लावून घेतली, घासूनपुसून ठेवला. तीन पायली ज्वारी उचलावी एवढा त्याचा भार. ह्यांनी विचारलं, "नागपुरात दगड मिळत नाहीत का?" पुरुषांना पाट्यातलं काय कळतं!

विमानतळावर पहिला धक्का बसला तो काट्याचा. आगगाडीला फार तर सामान तोलतात, इथं माणूसही तोलतात. एकेकानं गुळाच्या ढेपेसारखं काट्यावर उभं राहायचं. काट्यावरच्या माणसानं माझं वजन मोठ्यांदा ओरडून सांगितलं. जो आकडा मी ह्यांनासुद्धा कधी सांगितला नव्हता तो सगळ्या मैदानानं ऐकला. आमच्या दोन ट्रंका कशाबशा बसल्या. पाट्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "आज टपाल जास्त आहे. आता यावर शेरभरही चढणार नाही." पोचवायला आलेल्या भावजींच्या हातात पाटा परत गेला आणि ह्यांनी समाधानानं मान हलवली.

पण मी माझ्या आईची लेक. आगगाडीला आपण काय करतो? तिकीटवाल्यानं पाठ फिरवली की बोचकं खिडकीतून आत. मी माझी सोवळ्याची लोकरी धाबळी भावजींच्या हातात दिली, डोळ्यांनी खूण केली, आणि सगळे विमानाशी पोचले तेव्हा धाबळीत गुंडाळलेलं गाठोडं हळूच माझ्याकडे आलं. हे आत जाऊन बसलेही होते. मी हसतमुखानं ते उचलून शिडीवर पाय ठेवला. कंबर आतून ओरडत होती.

दारात विमान चालवणारे कॅप्टन लेले उभे होते. पंचविशीतला मुलगा, लढाईत ब्रह्मदेशावर विमानं नेलेला, पण बोलायला मऊ. "काकू, द्या इकडे, मी घेतो. काय आहे यात?" असं म्हणून त्यानं हात पुढे केला. त्यानं ते धरलं असतं तर एका क्षणात सगळं बाहेर पडलं असतं. मी म्हणाले, "अहो नको, नको, शिवू नका! सोवळ्यातलं आहे. फराळाचं."

चटका बसावा तसा त्यानं हात मागे घेतला. "चुकलो हं काकू," म्हणाला आणि बाजूला झाला. मला त्याचं कौतुक वाटलं. विमान चालवतो, पण वळण कसं घरचं आहे, असं मनात आलं. आता ते कौतुक आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

नगरच्या पुढे

आम्ही तिघंच उतारू होतो. आम्ही दोघं आणि एक कापडाचे व्यापारी शेटजी. मागे टपालाच्या थैल्या, आमच्या ट्रंका आणि शेटजींचे कापडाचे गठ्ठे. विमान अगदी लहान, दोन्ही पंखांवर एकेक इंजिन, आणि आवाज असा की शेजारच्याशी बोलायचं तर कानात ओरडावं लागे. कानात घालायला कापूस आणि चघळायला पेपरमिट मिळालं. खाली पौषातली ज्वारी उभी होती, मधेच काळी नांगरट, विहिरीभोवती तेवढंच हिरवं. कॅप्टननं मागे वळून खाली बोट दाखवलं, "हे नगर. तो भुईकोट." आपली पुढारी मंडळी तिथं कोंडली होती म्हणून ह्यांनी बसल्या जागेवरून किल्ल्याला हात जोडले. पोट विसरले होते बिचारे.

किल्ला मागे पडला आणि थोड्याच वेळात उजवीकडचं इंजिन खोकलं. दोनतीनदा खोकलं आणि गप्प झालं. त्याबरोबर विमानाचं तोंड कुणीतरी कान धरून ओढावं तसं उजवीकडे वळलं. मी ह्यांचा हात धरला. समोर लेल्यांची पाठ दिसत होती. त्यांनी घाई केली नाही. डावा पाय ताठ पुढे दाबला, एकेका कळीवर हात ठेवून क्षणभर थांबून मगच ती ओढली, आणि मागे न बघता ओरडून सांगितलं, "घाबरू नका. एक गेलं, दुसरं आहे. आपण नगरला परत फिरतोय. तिथं लष्कराचं मैदान आहे."

विमान डावीकडून रुंद वळण घेऊन फिरलं. समोर डोंगराची एक लांबलचक धार आडवी होती, मघाशी ती आमच्या खूप खाली होती. आता ती वर येत होती. म्हणजे आम्हीच खाली जात होतो. एकटं डावं इंजिन जिवाच्या आकांतानं ओरडत होतं आणि तरीही धार वर येतच होती. लेल्यांनी समोरच्या काट्यांकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि पहिल्यांदाच मागे वळले.

"काट्यावर तोललं त्यापेक्षा जास्त कुणाजवळ काही आहे का? असेल तर आत्ता सांगा!"

शेटजींनी नकारार्थी मान हलवली. ह्यांनी आपल्या उभ्या जन्माचा खरेपणा एका शब्दात घालून सांगितलं, "नाही!" आणि मी? मी काहीच बोलले नाही. पाटा माझ्या दोन पायांच्या मधे होता. प्रथम वाटलं, शेटजींसमोर आणि ह्यांच्यासमोर कसं सांगू. मग वाटलं, आता सांगितलं तर मघाशी का नाही सांगितलं असं होईल. असे एकेक क्षण गेले आणि प्रत्येक क्षणाबरोबर तोंड उघडणं जास्त अवघड झालं. खाली कुणाच्या डोक्यात पडला तर, असंही एक कारण मी मनाशी शोधून काढलं. खरं सांगते, मरणाची भीती त्या वेळी दुसऱ्या नंबरावर होती.

"मग ट्रंका टाका बाहेर!" लेले म्हणाले. ह्यांनी आणि शेटजींनी मिळून दार रेटलं. वारा असा आत घुसला की माझा अंबाडा सुटला. एक ट्रंक गेली, दुसरी गेली, शेटजींचे कापडाचे गठ्ठे गेले. माझी पैठणी गेली, कमलच्या बाळासाठी शिवलेल्या कुंच्या आणि दुपटी गेली. ती जाताना मी पाहत राहिले आणि पायांनी पाटा धरून ठेवला.

धार ओलांडता आली नाही. लेल्यांनी ती जवळ येईपर्यंत वाट पाहिली नाही, वेळीच विमान पुन्हा राहुरीच्या बाजूला सपाटीकडे वळवलं. "डोकं गुडघ्यांत घाला!" एवढं ऐकू आलं. मग एक दणका, दुसरा दणका, फरफट, आणि काहीतरी मोडल्याचा लांबलचक आवाज. त्यानंतर इतकं शांत झालं की बाहेर टिटवी ओरडत होती तेही ऐकू आलं.

बाबूभाईंचं शेत

आम्ही एका गायरानावर उतरलो होतो. एक चाक चरात जाऊन तुटलं होतं, एक पंख बाभळीत घुसला होता. शेटजींच्या कपाळाला टेंगूळ, लेल्यांचं मनगट सुजलेलं, माझा ओठ फुटलेला, आणि ह्यांना काहीसुद्धा झालं नव्हतं. लेले खाली उतरले आणि उभे राहता राहता मटकन बसले. त्यांचा डावा पाय लटलट कापत होता. तेवढा सगळा वेळ त्यांनी तो सगळं बळ लावून दाबून धरला होता.

गायरानाच्या कडेला शेत होतं बाबूभाई शेख यांचं. ते हातात काठी घेऊन धावत आले आणि आम्हाला पाहून काठी टाकून दिली. "जित्ती हायत का समदी? कुनाला लागलं न्हाई न्हवं?" त्यांच्यामागून त्यांची बायको हमिदाबी आली. माझ्याच वयाची, हिरवं लुगडं, हातात पाण्याचा तांब्या. "बाई, आदी पानी प्या. मंग बोला."

मी हात पुढे केला असेल नसेल, तेवढ्यात लेले जमिनीवर बसल्या बसल्या म्हणाले, "विमानात काकूंचं एक गाठोडं आहे, धाबळीत बांधलेलं. त्याला कुणी हात लावू नका हं. सोवळ्यातलं आहे." मनगट सुजलेलं, पाय कापतोय, विमान मोडून पडलंय, आणि या मुलाला माझ्या सोवळ्याची आठवण!

हमिदाबीनं तांब्या मागे घेतला. रागानं नाही, अगदी सहज, जणू तिचंच काही चुकलं होतं. "अगं बया, माज्या ध्यानातच आलं न्हाई," ती म्हणाली आणि बांधापलीकडच्या मळ्याकडे तोंड करून तिनं हाक दिली, "सखू! ए सखू! तुमच्या हिरीची घागर घिऊन ये. पाव्हनी सोवळ्यातली हायती!"

पुण्यात मी कुणाकडे पाणी प्यायचं याचा दहादा विचार करणारी आहे, ते लपवत नाही. पण त्या घटकेला तहानेनं जीव कासावीस झाला होता आणि तो तांब्या समोर होता. "द्या तुमचंच," असं मी म्हणू शकले असते. म्हटलं असतं तर सोवळं मोडलंच म्हणून पुढं कुणीतरी गाठोडंही उचललं असतं. म्हणून सखूबाई लांबच्या विहिरीवरून घागर घेऊन येईपर्यंत मी कोरड्या घशानं बसून राहिले, आणि गावातल्या बायका माझ्या निष्ठेकडे आदरानं पाहत होत्या.

एक माणूस तार करायला राहुरीला सायकलवरून गेला. कंपनीचे साहेब सकाळी येतील असा निरोप संध्याकाळी आला. तोवर आम्ही बाबूभाईंचे पाहुणे. दुपारपासून गावकरी आमच्या वस्तू आणून देत होते. पैठणी एका बाभळीला लटकली होती, ती एकेक काटा सोडवून उतरवली होती. कुंच्या आणल्या, दुपटी आणली, चांदीचं निरांजन आणलं. शेटजींनी आपले गठ्ठे पुन्हा पुन्हा मोजले आणि ते पुरे भरल्यावर जरासे खट्टू झालेले दिसले.

संध्याकाळी शेतातच हुरड्याची आगटी पेटवली. आपण पुण्यात हुरडा हुरडा म्हणतो तो पाटीतून घरी आलेला, थंड झालेला. इथं गोवऱ्यांच्या आरात कणसं खुपसायची, काढायची आणि पोळत्या तळहातावर चोळून लगेच तोंडात टाकायची. बरोबर जवसाची चटणी, गूळ आणि घट्ट दही. हमिदाबी आगटीपाशी बसून कणसं भाजत होती, पण माझ्यापुढचा हुरडा ती स्वतः चोळत नव्हती. भाजलेलं कणीस काडीनं सखूबाईकडे ढकलायची आणि म्हणायची, "तू चोळ गं. बाईस्नी चालंल." इतका गोड हुरडा मी जन्मात खाल्ला नाही आणि तरी दुसऱ्या कणसाला मी नको म्हणाले.

बाबूभाईंनी लेल्यांना विचारलं, "एक विंजान चालू हुतं म्हनता, मंग खाली कसं आलं?"

लेल्यांनी त्यांच्या बैलजोडीकडे बोट केलं. "उजवा बैल चालता चालता बसला तर गाडी कुणीकडे ओढली जाईल?"

"उजवीकडंच की."

"तसंच. म्हणून उलट्या पायानं दाबून तोंड सरळ ठेवायचं. आणि मेलेलं इंजिन कुठलं ते घाईत चुकायचं नाही. लढाईत माझ्या ओळखीच्यांनी गडबडीत चालू इंजिनच बंद केलेलं आहे. जो पाय दाबावा लागत नाही, त्या बाजूचं मेलेलं. एवढी खूण पटली की मग हात लावायचा." बाबूभाई मान हलवत होते, गाडी हाकणाऱ्याला ते पुरतं कळलं होतं. मग लेले हळू आवाजात, बहुधा ह्यांना उद्देशून म्हणाले, "पण मास्तर, एक गोष्ट मला कळत नाही. काट्यावर जेवढं वजन झालं तेवढ्याला हे विमान एका इंजिनावर उंची धरतं. मी स्वतः धरलेली आहे. आज नाही धरली. ट्रंका टाकूनही पुरेशी नाही धरली. कुठंतरी माझंच चुकलं. उद्या साहेबांना तसंच सांगणार आहे."

"मग काय होईल?" मी विचारलं.

"उडणं बंद होईल, काकू. दुसरं काय? वाईला आई एकटी आहे, तिचं सगळं माझ्यावरच आहे. पण चुकलं ते चुकलं."

अंधार पडायच्या आत मी ह्यांना बांधाकडे नेलं आणि सगळं सांगितलं. माझी खात्री होती की हे आता मला फाडून खातील आणि तसेच जाऊन लेल्यांना सांगतील. मला तेच हवं होतं. माझं तोंड माझ्याच्यानं उघडत नव्हतं, ते ह्यांनी उघडावं.

हे ज्वारीकडे तोंड करून उभे राहिले. मग म्हणाले, "इंजिन काय तुझ्या पाट्यानं बंद पडलं? मग बोलून उपयोग काय? उद्या वर्तमानपत्रात येईल. हेडमास्तरांच्या बायकोनं विमानात दगड चोरून नेला. मी सगळ्यांसमोर 'नाही' म्हणून बसलोय."

त्या माणसाच्या पाया पडून मुलं परीक्षेला जात असत. मला त्यांची इतकी लाज वाटली की मी तोंड फिरवलं, आणि तोंड फिरवल्यावर लक्षात आलं की हे जे बोलले तेच मी विमानात मनाशी बोलले होते, शब्द तेवढे मास्तरांचे होते. आम्ही दोघं आगटीपाशी परत आलो.

साहेब

सकाळी कंपनीचे साहेब मोटारीनं आले. मुंबईचे, नीटनेटके, मराठी बोलताना मधेच अडखळणारे. त्यांनी विमानाभोवती दोन फेऱ्या मारल्या, मोडलेल्या पंखाला हात लावला. सगळा गाव भोवती उभा होता. लेल्यांनी ठरवल्याप्रमाणे सांगितलं, की सगळं शिकवल्याप्रमाणे केलं तरी उंची धरली नाही, तेव्हा माझंच काही चुकलं असेल.

साहेब म्हणाले, "इंजिन उघडल्यावर पाहू. माणसं वाचली हे काय कमी आहे?" त्यांचा आवाज चांगला होता. तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. पण शेटजींना आपल्या टेंगळाची भरपाई हवी होती. ते पुढे होऊन म्हणाले, "ह्ये पोरगं घाबरलं होतं साहेब. कपाळाचा घाम पुसत होतं, मी डोळ्यांनी पाह्यलं. आमचा जीव जायचा."

लेले खाली मान घालून उभे राहिले. ते मला बघवेना. माझ्या कमलचा धाकटा भाऊ असता तर एवढाच असता. ह्यांनी माझ्या पदराला हळूच ओढ दिली, ती मी सोडवून घेतली आणि पुढे झाले.

"साहेब, तो घाबरला नव्हता. वजन जास्त होतं. माझ्या गाठोड्यात पाटा आहे. काट्यावर नाही म्हणाले म्हणून मी मागाहून चोरून घेतला. विमानात त्यानं विचारलं तेव्हाही मी सांगितलं नाही. चूक माझी आहे, त्याची काही नाही."

बोलले आणि हलकी झाले. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं. वाटलं, सुटला मुलगा.

साहेबांनी गाठोडं आणवलं. धाबळी सोडली. काळा पाटा आणि वरवंटा उन्हात आले. पोरं फिदीफिदी हसली. साहेब हसले नाहीत. ते लेल्यांकडे वळले.

"हे गाठोडं चढताना तुम्ही पाहिलं होतं?"

"हो."

"तोललेल्या सामानावर कंपनीची चिठ्ठी असते. यावर होती?"

"नव्हती."

"मग उचलून पाहिलंत?"

लेल्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "नाही. त्या म्हणाल्या सोवळ्यातलं आहे."

"आणि म्हणून तुम्ही हात लावला नाही."

"नाही लावला."

मी मधे पडले, "अहो, पण मी त्याला खोटं सांगितलं! तो काय करणार?" साहेबांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "बाई, इंजिन कधी बंद पडेल हे त्याच्या हातात नव्हतं. गाठोडं होतं. जो वैमानिक न तोललेली वस्तू दिसूनही विमान उडवतो, त्याच्या ताब्यात मी उद्या माणसं कशी देऊ? तुमच्या पाट्यानं फरक पडला की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. मला सांगायची गरजही नाही." मग लेल्यांना म्हणाले, "तुम्ही मुंबईला या. आगगाडीनं."

म्हणजे मी गप्प बसले तेव्हा त्याला बुडवलं, आणि बोलले तेव्हा पुरतं बुडवलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. सांगितलं नव्हतं का, असं त्या नजरेत होतं आणि ते मला अगदी असह्य झालं.

हमिदाबी आणि सखूबाई बाजूला उभ्या होत्या. हमिदाबी पाट्याकडे बघत होती. तिला वाईट वाटलं नव्हतं, नुसतं कोडं पडलं होतं. "म्हंजी त्यात सोवळ्याचं काय बी न्हवतं व्हय?" तिनं मला विचारलं.

"नव्हतं."

"मंग ह्या सखूला आमी कशापायी पळवलं वो काल दिसभर? पोटुशी हाय ती."

सखूबाई पदर नीट करून लाजून हसली. तिला चौथा-पाचवा महिना असावा. मी लेकीच्या डोहाळ्यांसाठी निघालेली बाई, घागरी वाहणाऱ्या तिच्याकडे मी एकदाही नीट पाहिलं नव्हतं. मी हमिदाबीजवळ पाणी मागितलं. तिनं दिलं, मी प्यायले, पण आता त्याला काही अर्थ राहिला नव्हता हे आम्हां दोघींनाही कळत होतं. पाटा मी तिथंच ठेवून जाते म्हणाले. "नगं बाई," ती म्हणाली, "आमच्याकडं हाय आमचा." बाबूभाईंनी तो मोटारीत नेऊन ठेवला.

राहुरी स्टेशन

साहेबांच्या मोटारीनं आम्हाला राहुरी स्टेशनवर सोडलं. आम्हाला मनमाडकडे जायचं होतं, लेल्यांना दौंडकडे. शेटजी दुसऱ्या टोकाच्या बाकावर जाऊन बसले. हे वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसले. लेल्यांनी मात्र आमच्यासाठी हमाल पाहिला, गाडीत बायकांचा डबा कुठं लागेल ते विचारून आले, सुजलेल्या मनगटानं माझ्यासाठी चहा आणला. प्रत्येक गोष्टीनं मी थोडी थोडी मरत होते.

शेवटी मी म्हणाले, "मला तुमच्या आईचा पत्ता द्या. मी वाईला जाते. त्यांच्या पाया पडून सांगते की तुमच्या मुलाची चूक नाही, माझी आहे. निदान तेवढं तरी करू द्या."

"नको, काकू," तो पटकन म्हणाला. "आईला यातलं काही कळू द्यायचं नाही. इंजिन बंद पडलं, एवढंच सांगणार आहे तिला."

"का पण?"

दौंडची गाडी येत होती, ती येईपर्यंत न बोलता निभावेल असं त्याला वाटत असावं. मग म्हणाला, "आई ओलेत्यानं स्वयंपाक करते. लहानपणी मी खेळून आलो की ती चुलीपासूनच ओरडायची, सोवळ्यात आहे, शिवू नकोस. माझा हात मागे येतो तो तिथून आलेला आहे. काल त्या हातानं काय झालं ते तिला कळलं तर ती स्वतःलाच दोष देईल." गाडीचा आवाज मोठा झाला म्हणून तो थोडा वाकून माझ्या कानाशी बोलला, आणि त्या बोलण्यात टोमणा शोधूनही मला सापडला नाही. "तिचं सोवळं खरं आहे हो, काकू."

त्यानं वाकून मला नमस्कार केला, ह्यांना केला, आणि डब्यात चढला. वडीलधाऱ्या बाईनं अशा वेळी आशीर्वाद द्यायचा असतो. मी तो दिला नाही, मला तो देता आला नाही, आणि गाडी निघून गेली.